माझी कळ, तिची विकेट

आजारपणात माणूस देवाच्या जवळ जातं म्हणतात. मी टीव्हीच्या जवळ गेले. पाठीला पट्टा, उशाला औषधांची पिशवी आणि समोर माझ्याच संघाचा सामना. माझ्या जागेवर माझी नणंद गोलंदाजी करतेय आणि शेजारच्या बायका माझ्याच खाटेवर बसून टाळ्या वाजवतायत, असे दिवस मी काढले आहेत.

मला मणक्याचा क्षय झाला होता. त्यातून मी औषधांनी बरी झाले. पण आजारी माणूस धडधाकट माणसांवर किती जळतं, ह्यावर कुणी गोळी दिली नाही, आणि त्याबद्दल कुणी बोलतही नाही. सगळे म्हणतात धीर धर, सोस, चांगले विचार कर. माझ्या मनात चांगले विचार फारसे आले नाहीत. तुमच्या घरी कुणी असं पडलेलं असेल किंवा तुम्हीच पडलेले असाल, तर निदान सोबत म्हणून हे वाचा.

कांद्याच्या चाळीमागे

मी मनीषा. माहेर सोनई, सासर काष्टी. डाव्या हाताने फिरकी टाकते. नगर शहराच्या नावाने आमची फ्रँचायझी आहे. तिचे दोन संघ, एक पुरुषांचा, एक बायकांचा. जर्सी एक, गाणं एक, बस मात्र वेगळी. त्यांच्या बसला पडदे होते, आमच्या बसला नुसत्या काचा. पार्किंगमध्ये दोन्ही शेजारी उभ्या राहिल्या की आमच्या मुलींची तोंडं बघण्यासारखी व्हायची. थोडक्यात, जळायचा सराव मला आधीपासून होता.

लग्न ठरताना माझी एकच अट होती, खेळ सुटणार नाही. नवरा, संतोष, गावात दूध संकलन केंद्र चालवतो. त्याने अट मान्य केली आणि कांद्याच्या चाळीमागे मला मातीची खेळपट्टी करून दिली. संध्याकाळी दूध घालायला आलेली माणसं कॅन खाली ठेवून सुनेची गोलंदाजी बघत उभी राहायची.

संतोषची धाकटी बहीण ऋतुजा तेव्हा शाळेत होती. तीही डावखुरी. आधी ती माझे चेंडू आणून द्यायची, मग माझ्या पाठोपाठ हात फिरवायला लागली. शिकवलं असं मी काहीच नाही. माझा पाय कुठे पडतो, मनगट कसं वळतं, सगळं तिने बघून बघून उचललं. पुढे आम्ही दोघी एकाच ॲक्शनने टाकायला लागलो. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या ओसरीतून म्हणायच्या, "एक कमी हुती, आता दोन झाल्या. भाकरी कोन थापनार?" थापायच्या मात्र त्याच.

स्पीडब्रेकर

मग एका हंगामात माझ्या पाठीत कळ यायला लागली. चेंडू सोडण्याआधी अंग वळवावं लागतं, नेमकं तिथेच. उडी घेतली, हात वर गेला, की कळ. ती ओसरेपर्यंत मी हात वर ठेवून क्षणभर थांबायचे आणि मग चेंडू सोडायचे. मुद्दाम करत नव्हते, दुसरा इलाजच नव्हता.

आणि गंमत बघा, समोरच्या मुली फसायला लागल्या. त्यांची बॅट आधी यायची, माझा चेंडू मागून. मला कधी मिळाल्या नव्हत्या तेवढ्या विकेट मिळायला लागल्या. कोच मॅडम खूश. संघातल्या मुलींनी त्या थांबण्याला नाव दिलं, स्पीडब्रेकर. यष्टीमागून आरोळी यायची, "मनीषाताई, स्पीडब्रेकर येऊ द्या!"

मी फिजिओला सांगितलं होतं की दुखतंय. तिने स्प्रे मारला, शेक दिला आणि म्हणाली, नवीन ॲक्शनचा ताण असेल. दुखण्यामुळे ॲक्शन बदलली होती, पण ॲक्शनमुळे दुखतंय असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीही मान डोलावली. विकेट मिळत असताना खोलात कोण जातंय? संध्याकाळी अंगात बारीक कणकण असायची, वजन उतरत होतं. मला वाटलं, फिटनेस सुधारतोय.

त्याच सुमारास पुरुषांच्या संघातल्या एका वेगवान गोलंदाजाची पाठ आखडली. लगेच दुसऱ्या दिवशी त्याचा एमआरआय. त्याची पाठ दुखली तेव्हा त्याच्या विकेट बंद झाल्या होत्या ना! माझी पाठ दुखत होती आणि विकेट चालू होत्या, म्हणून तिला कुणी आजारी म्हणेना. त्या एमआरआयचा मला अजून राग आहे.

"मग खेळत कशा होतात?"

एका सामन्याहून परतताना बसमधून उतरायला गेले तर पाय उचलेना. जणू माझा नव्हताच. मुलींनी धरून उतरवलं, घ्यायला आलेली ऋतुजा समोरच उभी होती. संतोष मला नगरच्या दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून बराच वेळ बघितले. मग विचारलं, "हे कधीपासून दुखतंय?"

"हंगाम सुरू झाल्यापासून."

"मग खेळत कशा होतात?"

"थांबून थांबून," मी म्हटलं.

ते त्यांना कळलं नाही. ते म्हणाले, मणक्यात टीबी आहे. मी म्हटलं, मला तर खोकलासुद्धा नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं की टीबी हाडालाही होतो, औषधाने बरा होतो, आणि तुमचा मणका अजून ढासळला नाही हे नशीब समजा. आता पट्टा बांधायचा, पडून राहायचं, औषध एक दिवसही चुकवायचं नाही.

"आणि क्रिकेट?"

"आधी चालायचं बघू," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर संतोषने चहा आणला. दोघांच्या हातात कप तसेच गार झाले. मग तो म्हणाला, "म्हंजे तो स्पीडब्रेकर..."

"हो."

"आयला," तो म्हणाला. "आन् आमी टाळ्या वाजवत हुतो."

मला आधी हसू आलं. मग जे रडू आलं ते आवरेना. तो पाठीवरून हात फिरवायला गेला आणि मधेच थांबला, कुठे हात लावावा ते त्याला समजेना.

शकीलाबींची परवानगी

तपासण्यांसाठी मला वॉर्डात ठेवलं. पहाटे ताप बघायचा, मग चहा-बिस्किट, मग झाडलोट, मग डॉक्टरांची फेरी. दिवसभर छताकडे बघायचं. झाडणारी मावशी वाकून कॉटखालची चप्पल बाहेर काढायची. एवढं सहज वाकायची ती! मी तिच्या कमरेकडे टक लावून बघायचे. कुणी बुटाची नाडी बांधायला खाली बसलं तरी माझा जळफळाट व्हायचा.

शेजारच्या कॉटवर केडगावच्या शकीलाबी होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं. त्यांनी माझी नजर ओळखली. म्हणाल्या, "जळतेस ना? मी पन जळते. माझी सून डबा घेऊन येते, दनदन जिना चढते. डबा चांगला असतो, पन पोटात दुखतंच."

"वाईट आहे ना असं?" मी विचारलं.

"डॉक्टरनी तेल बंद केलं, मीठ बंद केलं. जळायला कुठं बंदी केली? जळून घे." त्यांनी डब्यातली अर्धी खीर माझ्या वाटीत ओतली. त्या वॉर्डात मला मिळालेलं सगळ्यात चांगलं औषध ते होतं.

तिथेच कोच मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "संघात डावऱ्या फिरकीची जागा एकच आहे, मनीषा, आणि ती तुझी आहे. पण तू येईपर्यंत कुणीतरी हवं. तुझ्या नणंदेला मी सरावाला बघितलंय, ॲक्शन डिट्टो तुझ्यासारखी आहे. घेऊ का?"

काय म्हणणार? घ्या म्हटलं.

ऋतुजा भेटायला आली ती कॉटच्या कडेला अवघडून बसली. "वहिनी, मी जाऊ का?"

"जा की, वन्सं. मला काय विचारता?"

आमच्याकडे जुन्या बायका नणंदेला मानाने वन्सं म्हणतात. मी एरवी तिला ऋतू म्हणते. वन्सं म्हटलं की मी रागावलेय, हे तिला पक्कं ठाऊक. ती खाली बघत म्हणाली, "तुझे स्पाइक्स घेऊ? माझे फाटलेत."

"घे. पाय पण घेऊन जा."

ती रडली. पण बूट घेऊन गेली, तेही खरं.

खाटेवरून

घरी पुढच्या खोलीत माझी खाट टाकली. पहिल्या दिवशी लघवी शेंदरी झालेली बघून मी ओरडलेच. गोळ्या द्यायला घरी येणाऱ्या गावच्या आरोग्यसेविका, आशाताई, म्हणाल्या, गोळीमुळे होतं, घाबरू नका. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून मी इथे सांगते. गोळ्यांनी तोंडाची चव गेली. दुधाच्या वासाने मळमळायचं, आणि नवरा दिवसभर दुधात. बिचारा अंघोळ केल्याशिवाय माझ्याजवळ येईना. मग अंघोळीला कंटाळून कधीकधी येईचना. तेव्हा मी भांडायचे, आणि आला की वास येतो म्हणून भांडायचे.

शेजारच्या एकीने आत्याबाईंच्या कानाशी लागून सांगितलं, सुनेचं ताट वेगळं ठेवा. त्यांनी ठेवलंही. आशाताईंनी समजावलं, हा आजार मणक्याचा, ताटातून लागत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली तेव्हा आत्याबाई माझ्याच ताटात जेवत होत्या. तिला म्हणाल्या, "बस, तुला पन वाढते हितंच." ती बसली नाही. आत्याबाईंचे माझ्यावर कितीही उपकार असोत, हा सगळ्यात मोठा.

आणि मग ऋतुजाचा पहिला सामना लागला. खोली बायकांनी भरलेली. ती धावत आली, उडी घेतली, हात वर गेला.

आणि थांबली.

मी खाटेची कड घट्ट धरली. ते माझं थांबणं होतं. तेवढंच, तसंच. दातांनी खालचा ओठ दाबणंसुद्धा माझं. चेंडू सुटला, समोरचीची बॅट आधी आली, दांडी गुल. समालोचक म्हणाला, काय हुशारीने वेग बदलला ह्या पोरीने! आणि दोन षटकांनी त्याने ते नाव कुठूनतरी मिळवलं. ऋतुजाचा स्पीडब्रेकर!

तिची पाठ ठणठणीत होती. तिने माझं बघून सगळं उचललं होतं, त्यात माझी कळही उचलली, आणि दुखणं तेवढं माझ्याकडे ठेवलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. शेजारची म्हणाली, "नाव काढलं बाई ऋतूनं!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या चेंडूवर तिला षटकार बसला आणि मी खुदकन हसले. आत्याबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. बायका गेल्यावर माझी उशी नीट करत म्हणाल्या, "एक पोरगी खाटंवर, एक टीव्हीवर. मी हसू का रडू, तूच सांग."

पुढे काष्टीच्या चौकात तिचा फ्लेक्स लागला. "काष्टीची कन्या." मी सोनईची लेक आणि काष्टीची सून, त्यामुळे माझा फ्लेक्स दोन्हीकडे कुणी लावला नव्हता. संतोषने मोबाईलवर फोटो दाखवला. हात वर, ओठ दाताखाली, नेमका थांबल्याचा क्षण टिपलेला. शनिवारच्या बाजाराला आलेले लोक बैलांचे दोर धरून त्याच्या सावलीला उभे. माझी कळ मंडप झाली होती, आणि वर नाव दुसरीचं.

हंगामात सुट्टी मिळाली की ऋतू घरी यायची, माझे पाय चेपायची. विचारायची, "वहिनी, माझं काय चुकतंय सांग ना." मी भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "मी काय सांगणार? टीव्हीवाले सांगतात की." तरी ती पाय चेपत राहायची. त्यानेही मला रागच यायचा.

बरं होण्याचा घोटाळा

हळूहळू उठून बसले, मग काठीने चालले, मग बिनकाठीची. केडगावला व्यायामाला जायचे. पहिल्यांदा वाकून स्वतःची चप्पल स्वतः उचलली त्या दिवशी मी ती उगाचच दोनदा खाली ठेवून पुन्हा उचलली. शेवटी डॉक्टरांनी फोटो बघितले आणि म्हणाले, झालात बऱ्या, टाका चेंडू.

कोच मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "ये शिबिराला. पण खरं सांगते, जागा अजूनही एकच आहे. तेव्हा मी तुझी म्हटलं होतं. आता दोघी टाका, जी चांगली टाकेल ती."

चाळीमागची खेळपट्टी संतोषने पाणी मारून चोपून दिली. ऋतू बॅट घेऊन उभी राहिली. मी धावले, उडी घेतली, हात वर गेला आणि खाली आला. कुठेच अडलं नाही. पाठ एकदम मोकळी. मला इतका आनंद झाला! ऋतूने तो चेंडू चाळीवरून उसात घातला.

पुढचाही उसात. त्याच्या पुढचाही. दूध घालायला आलेली माणसं मान खाली घालून कॅन उचलायला लागली. मी मुद्दाम थांबून बघितलं, तर हात लवकर सुटायचा नाहीतर खांदा पडायचा. चेंडू पायाशीच आपटायचा. आजाराने मला विकेट घेणारी चीज दिली होती, आणि जाताना ती घेऊन गेला. आता ती जगात एकाच माणसाकडे शिल्लक होती.

त्या माणसाकडे मागायला मला आठवडा लागला.

"ऋतू," मी एका संध्याकाळी म्हटलं, "ते थांबायचं कसं?"

तिला वाटलं मी टोमणा मारतेय. हसली. मग माझं तोंड बघून हसायची थांबली. "वहिनी, तुझंच हाय ते."

"माझं नव्हतं. दुखण्याचं होतं. ते गेलं."

ती बॅटने माती उकरत राहिली. "मला वाटायचं तू मनात मोजतीस काहीतरी, ओठ दाबून. म्हनून मी पन दाबायचे. नंतर कळलं की दुखायचं तुला. मंग सोडायला बघितलं मी, लई बघितलं. सुटंना. हात वर गेला की तूच दिसायचीस, बसमधून उतरताना."

इतके दिवस मी टीव्हीवर तिची विकेट बघत होते. तिला त्या वेळी काय दिसत होतं, हे मला माहीतच नव्हतं.

तिने बॅट टाकली आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. पाठीवर बरोबर त्या जागी तळवा ठेवला. डॉक्टरांना ती जागा शोधायला मशीन लागलं होतं. "हितं माझा हात लागला की थांब. हात काढला की सोड."

दिवे लागणीपर्यंत आम्ही तेच केलं. तळवा, थांब, सोड. आधी चेंडूशिवाय, मग चेंडूने. मग तिने तळवा काढून घेतला आणि मी तो आहे असं धरून टाकायला लागले. दुखत नसताना थांबणं फार अवघड आहे. अंग म्हणतं, आता कशाला थांबायचं? दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा.

शिबिराच्या आदल्या संध्याकाळी तिने परत बॅट घेतली. मी धावले. उडी. हात वर. पाठीवर कुणाचा हात नव्हता, कळही नव्हती. मी थांबले. सोडला. ऋतूची बॅट आधी आली, चेंडू मागून. मधली दांडी मागे जाऊन पडली.

ओसरीतून आत्याबाई ओरडल्या, "घ्या! आली का दुसरी परत!" संतोषने कॅनच्या झाकणावर झाकण आपटलं. दूधवाले टाळ्या वाजवत होते.

ऋतूने टाळी वाजवली नाही. तिने पडलेल्या दांडीकडे बघितलं. मग माझ्याकडे, मग माझ्या पाठीकडे. खाटेवरून वर्षाहून जास्त काळ मी टीव्हीकडे ज्या नजरेने बघत होते, तीच नजर.

"दुखलं न्हाई ना?" तिने विचारलं. आवाज कोरडा होता.

"नाही."

"जागा एकच हाय, वहिनी."

"माहितीये, ऋतू."

तिने चेंडू उचलला आणि माझ्याकडे फेकला, जरा जास्तच जोरात. हाताला झोंबला. उद्या कोण निवडलं जाईल ते उद्या कळेल. डॉक्टरांनी मला बऱ्या झालात म्हणून कधीच सांगितलं होतं. तरी भेटणारा प्रत्येक जण माझ्याकडे बिचारी म्हणूनच बघत होता. त्या संध्याकाळी, आजारी पडल्यापासून पहिल्यांदा, कुणीतरी माझ्यावर जळलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!